डावीकडची गरम हवा

यांगमेईच्या बाजारात लोक फान युंग-चिनला गाठायचे ते एकाच प्रश्नासाठी. "पोराला पातळ लॅपटॉप घ्यायचाय. त्यात ती वेगळी ग्राफिक्स चिप असलेला घेऊ की नसलेला? सगळ्यात लहानवाली हो, मोठी कुठली परवडायला!" डॉक्टर रस्त्यात दिसला की जीभ काढून दाखवणारी माणसं असतात, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी फान हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचा आणि रस्त्यातच सुरू व्हायचा. पातळ यंत्रात उष्णता कुठून येते, कुठे जाते, पंखा एवढासाच का असतो. त्याची बायको च्यो-मेई पुढे जाऊन मासे घेऊन परत आली तरी ह्याची गाडी तांब्याच्या नळीवरच अडलेली असायची.

ती गेल्यापासून फान पिशवी खाली ठेवत नव्हता. "काही फरक पडत नाही," एवढं म्हणायचा आणि चालू लागायचा.

लोकांना वाटलं, मोठ्या कंपनीत आहे, शिंगं फुटली. तसं काही नव्हतं. नूडल्स रश्शातल्या देऊ की कोरड्या, असं विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. न्हाव्यालाही तेच. न्हावी बिचारा मग आपल्या मनाने कापायचा, आणि त्या न्हाव्याचं मन काही फार चांगलं नव्हतं. फानला दुःख होत होतं असंही म्हणता येत नाही. दुःख झालं असतं तर निदान ते दिसलं असतं, कुणी पाठीवर हात ठेवला असता. ह्याला काहीच होत नव्हतं. सकाळी उठायचा, कंपनीच्या बसमध्ये बसायचा, संध्याकाळी त्याच बसमधून उतरायचा.

त्याचं काम होतं उष्णतेचं. प्रत्येक लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्ये पडद्यावरची चित्रं रंगवणारा एक भाग असतोच. त्याच्या मदतीला आणखी एक वेगळी चिप बसवतात, खेळांसाठी, व्हिडिओच्या कामासाठी. तिच्यातली सगळ्यात लहान ती धाकटी. जाड यंत्रात तिला मोकळी हवा मिळते, पातळ यंत्रात ती गुदमरते. तापली की यंत्रच तिला हळू चालायला लावतं, नाहीतर जळून जाईल. मग हळू चालणारी ही धाकटी आणि मुख्य चिपमधला फुकटचा भाग, ह्यांत फरक तो काय उरतो? बाजारातले लोक विचारायचे ते हेच. फानची उमेदीची सगळी वर्षं तो फरक टिकवण्यात गेली होती. नळी थोडी चपटी कर, पंख्याची पाती थोडी वळव, केसभर जागा इकडून काढ, तिकडे दे.

च्यो-मेई म्हणायची, "शर्टाच्या खिशात शेगडी ठेवायची आणि वर म्हणायचं, चटका बसता कामा नये. तुम्हाला पगार कोण देतं हो?"

त्याने आखलेलं पहिलं यंत्र त्याने तिलाच आणून दिलं होतं. ती त्यावर देवळाच्या उत्सवाचा हिशेब लिहायची आणि सोंगट्यांचा माजोंग खेळायची. ह्या दोन्ही कामांना धाकटीची काडीचीही गरज नव्हती. शेवटच्या हिवाळ्यात औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली, हातातून चॉपस्टिक निसटायच्या, तेव्हा तेही बंद पडलं. पण फान संध्याकाळी घरी आला की ते यंत्र मात्र घरघरत असायचं. पडद्यावर पोरीचा मारामारीचा खेळ उघडा, त्यातला तलवारवाला वीर जळत्या रानात नुसता उभा, आणि खेळणारं कुणीच नाही. फान म्हणायचा, "अगं, उगाच चालू ठेवू नये. पंख्याचं बेअरिंग जातं." ती हसायची आणि यंत्र मिटायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. आजारात माणूस विसराळू होतं, असं त्याने धरून चाललं.

तर त्या जानेवारीत त्याचा साहेब ल्याओ त्याच्या टेबलाशी आला. ल्याओ वयाने लहान, जिभेने मोकळा, आणि मनाने वाईट नव्हता.

"फान दादा, चहा मागवतोय. साखर किती?"

"काही फरक पडत नाही."

"मग पूर्ण साखर सांगतो. मधुमेह झाला तर कंपनीच्या नावाने बोंबलू नका." त्याने खुर्ची ओढली. "ऐका. वरचे लोक म्हणतात, पुढच्या पातळ मॉडेलमधून धाकटी काढून टाकू. मुख्य चिप आता तिच्या खांद्याला लागलीये. त्या जागेत मोठी बॅटरी बसेल. विक्रीवाले म्हणतात, ठेवा. गिऱ्हाईक झाकणाखालचा स्टिकर बघून पैसे काढतं, चिप कोण बघतंय! आता दोघांचं भांडण तुमच्यावर आलंय. धाकटी असलेलं आणि नसलेलं, दोन्ही यंत्रं शेजारी ठेवा, चाचणी घ्या, आणि ठेवायची की नाही ते लिहून द्या."

"आणि काढली तर?"

तेवढ्यात चहा आला आणि ल्याओने कपात डोकं घातलं. "तर तुमच्या गटाला काम उरत नाही. पोरांची सोय इथेच लागेल. तुमच्यासाठी व्हिएतनामच्या कारखान्यात जागा आहे. काही वर्षं काढावी लागतील."

"बरं."

"बरं काय बरं! माणसाने निदान टेबलावर हात तरी आपटावा. तुमचा सगळा जन्म त्या चिपच्या मागे गेला, दादा."

फानने हात आपटला नाही. चहा खूप गोड होता. तो त्याने संपवला.

घरी मुलगी यू-छेन बटाटे चिरत होती. शाळेचं शेवटचं वर्ष, पुढे ताइनानला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं ठरलेलं. स्वयंपाक तिला येत नव्हता आणि ती तो रोज करायची.

"मला कदाचित व्हिएतनामला जावं लागेल," तो म्हणाला.

सुरी थांबली. "कधी? का?" त्याने सांगितलं. "मी ताइनानला, तुम्ही व्हिएतनामला. आणि घर?"

चपलांच्या कपाटात खालच्या फळीवर च्यो-मेईच्या सपाता अजून होत्या. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"कुलूप लावू," फान म्हणाला.

"म्हणजे ती चिप राहिली तर तुम्ही राहाल?"

"हो."

"मग राहू द्या ना तिला! चाचणी नीट घ्या."

"चाचणी नीटच असते."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते." तिने बटाटा जरा जोरातच चिरला. "आणि मला कॉलेजला कोणता लॅपटॉप घेणार? चिपवाला की बिनचिपचा?"

"काही फरक..."

"ते बाजारातल्यांना सांगा. मला नको."

दोघांनी कच्चे बटाटे खाल्ले.

चाचणीच्या दिवशी त्याने दोन्ही यंत्रं प्रयोगशाळेच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. दोघांना एकच काम दिलं, तेच तेच जड चित्र पुन्हा पुन्हा रंगवायचं. दोघांच्या वेगाची रेघ मोठ्या पडद्यावर उमटत होती आणि ती ल्याओलाही त्याच्या खोलीत दिसत होती. जेवणं झाली, दिवे मालवले, आणि नेहमीप्रमाणे सगळी कंपनी टेबलांवर उशा ठेवून झोपली. फाननेही कपाळ टेकलं. दुपारच्या झोपेत लांबलचक चाचण्या आपोआप उरकतात, ही आमच्याकडची जुनी सोय आहे.

दिवे लागले तेव्हा ल्याओ दारात उभा होता.

"संपलं की हो, दादा. बघितलंत?"

फानने पडद्याकडे पाहिलं. बिनचिपच्या यंत्राची रेघ सरळ होती. धाकटीची रेघ अर्ध्यावरून धाडकन खाली कोसळून तळाशी आडवी झाली होती. दुसऱ्या यंत्राच्याही खाली.

"एवढी वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं," ल्याओ हळूच म्हणाला. "शुक्रवारी बैठक आहे. लिहून ठेवा." खांद्यावर थाप मारून तो गेला.

मग फानला ती पुडी दिसली. धाकटीच्या यंत्रामागे, बिजागरीला टेकून, मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी उभी होती. तशी पुडी तिथे असण्यात नवल काहीच नव्हतं. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून प्रत्येक कपाटावर, प्रत्येक मोठ्या यंत्रावर ती असतेच. हिरवीच लागते, पिवळी चालत नाही. मुदत उलटलेली चालत नाही, आणि भूक लागली म्हणून फोडून खाल्लेली तर मुळीच चालत नाही. परदेशात डॉक्टरेट केलेली माणसंही हे पाळतात आणि कुणी हसत नाही. पण ती ठेवायची कपाटाच्या डोक्यावर. ही उभी होती नेमकी जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे. आत हवा भरलेली ती फुगीर पुडी झडपेला बूच मारल्यासारखी बसली होती.

फानचं काळीज धडधडलं. कानापर्यंत ऐकू येईल असं. म्हणजे धाकटी पडली नव्हती. तिचा गळा दाबला होता. म्हणजे चाचणी खोटी होती. त्याला वाटलं, ओरडून सगळ्यांना बोलवावं. कितीतरी दिवसांत त्याला काही करावंसं वाटलं नव्हतं, आणि आता एकदम वाटलं.

"ठेवली बघ मी," मागून आवाज आला. फरशी पुसणारी हाओ मावशी दारात बादली घेऊन उभी होती. सगळे झोपलेले असताना ती सपाता काढून, पाय न वाजवता काम करायची. "जुन्या पुड्यांची मुदत सरली होती. जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीला नव्या नकोत का ठेवायला? सगळ्यांना एकेक, आणि तुझ्या यंत्राला सगळ्यात मोठी, अगदी चिकटून. किती दिवस झाले, आ-चिन, तुझा चेहरा हा असा. म्हटलं, ह्या पोराचं काहीतरी तरी सरळ होऊ दे."

फान पन्नाशीला आला होता. त्याला पोर आणि लाडाने आ-चिन म्हणणारी तेवढी एक उरली होती.

"केली का नीट कामं त्याने?" मावशीने मानेनेच यंत्राकडे दाखवलं.

"केली, मावशी."

"बघ. मी सांगत नव्हते?" ती बादली घेऊन खूश होऊन गेली.

ल्याओला त्याने सांगितलं, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल, हवेची वाट अडली होती.

"कशाने अडली?"

"मांडताना चूक झाली. माझी."

"तुमची?" ल्याओने भुवया चढवल्या, मग एकदम हसला. "माझं काय जातंय. घ्या पुन्हा. खरं सांगू, मला आनंदच झाला."

त्या रात्री फानने नूडल्स रश्शातल्या मागवल्या, स्वतःहून. यू-छेनने मान वर करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे मालवले तेव्हा फान झोपला नाही. यंत्रांसमोर स्टूल घेऊन बसला. मागची बाजू मोकळी होती, पुडी त्याने कपाटाच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती. धाकटीने सुरुवातच अशी केली की बघत राहावं. तिची रेघ दुसरीच्या दुप्पट उंच चढली. फान पुढे वाकला. "चल," तो पुटपुटला. अंधारात कुणीतरी घोरत होतं. "चल गं, चल."

ती काही मिनिटं चालली. मग पंख्याचा आवाज चढला, रेघ थरथरली आणि उतरू लागली. कोसळली नाही, कालच्यासारखी पडली नाही. दमलेलं माणूस जिना उतरतं तशी सावकाश उतरली, आणि दुसऱ्या रेघेच्या वर नखभर उंचीवर येऊन थांबली. तिथून पुढे ती हलली नाही. दिवे लागेपर्यंत दोन्ही रेघा जोडीने चालत राहिल्या.

पुडी नव्हती, तरीही एवढंच. उत्तर बाजारात तो स्वतःच देत आला होता. फक्त ते खरं आहे हे त्याला आज दिसलं. काळीज परत आपल्या जागी जाऊन गप्प झालं. हातपाय पूर्वीसारखे झाले, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे.

संध्याकाळी ल्याओने दार लोटून घेतलं. "दादा, मी काही बोललो नाही असं समजा. पण सुरुवातीची ती उंच रेघ आहे ना, तेवढीच दाखवली तरी खोटं होत नाही. गिऱ्हाईक दुकानात तेवढंच बघतं. विक्रीवाले तुम्हाला डोक्यावर घेतील. वर्षभर तरी निघेल."

फानला यू-छेनचे कच्चे बटाटे आठवले. कपाटातल्या सपाता आठवल्या. व्हिएतनाममधली खोली कशी असेल ते त्याला डोळ्यांपुढे आणता येईना.

"आणि जो ती घेऊन घरी जाईल तो?"

"तो काय, थोडा वेळ खूश होईल, मग सवय होईल. सगळ्यांचं तसंच असतं."

फानने पूर्ण रेघ जोडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खाली एक वाक्य लिहिलं. पातळ यंत्रात धाकटी ठेवण्यासारखा फरक उरत नाही, ती जागा बॅटरीला द्यावी. शुक्रवारच्या बैठकीत फार कुणी बोललं नाही. विक्रीवाल्यांनी जरा कुरकुर केली, वरच्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या विषयावर गेले. फानला कुणी काही विचारलं नाही. चांद्र नववर्षाच्या सुट्टीनंतर निघायचं ठरलं.

रविवारी घरात ओली थंडी भरली होती. आमच्याकडची थंडी बाहेरून येत नाही, ती भिंतींतून येते, आणि घरं उबदार करायची रीत नाही. यू-छेन जाड कोट घालून चित्र काढत होती आणि मधूनमधून बोटांवर फुंकर घालत होती.

"ठरलं," फान म्हणाला. "चिप गेली. मीच लिहून दिलं."

तिने पेन्सिल ठेवली.

"बाबा, एक विचारू? तुम्ही ते खरं होतं म्हणून लिहिलंत, की तुम्हाला कशाचंच काही वाटेनासं झालंय म्हणून?"

तो म्हणाला, "तू बिनचिपचा घे. हलका असतो, बॅटरी टिकते. फरक पडतो."

"मला नवा नको." ती उठून आत गेली आणि च्यो-मेईचं यंत्र घेऊन आली. झाकणावर धूळ होती. तिने वायर जोडली. "हा अजून चालतो. हा गरम होतो."

"म्हणून तर आम्ही..." फान म्हणाला. "म्हणून तर पुढच्या यंत्रांत हवा मागे वळवली. हाताला लागू नये म्हणून. ह्याची डावीकडून येते. चूकच होती ती."

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

यू-छेनने मारामारीचा खेळ उघडला. तलवारवाला वीर जळत्या रानात येऊन उभा राहिला. तिने कशालाच हात लावला नाही. पंखा आधी कुजबुजला, मग घरघरू लागला.

"आई खेळायची नाही," ती म्हणाली. "तिची बोटं गार पडायची, काही कळायचं नाही त्यांत. मग ती हा खेळ लावायची आणि इथे हात धरून बसायची. डावीकडे. मला म्हणायची, तुझ्या बाबांनी जन्मात एक कामाची वस्तू केली बघ. पण त्यांना सांगू नकोस हं, नाहीतर बसतील नळी बदलत."

फान उभाच होता. बेअरिंग जाईल, एवढंच तो तिला रोज म्हणाला होता.

यू-छेनने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. तिचे हात आधीच झडपेशी होते. त्याने आपले शेजारी धरले. हवा आली, बारीक, कोरडी, गरम. आधी तळव्यांना कळली. बोटांच्या टोकांना कळायला वेळ लागला, आणि कळली तेव्हा ती दुखू लागली, थंडीतून आल्यावर दुखतात तशी. त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण हात काढावे लागले असते.

थोड्या वेळाने पडद्यावरचं रान अडखळत हलू लागलं. धाकटी दमली होती. फानच्या ते लगेच ध्यानात आलं.

"वेग पडला," तो म्हणाला.

"पडू दे," यू-छेन म्हणाली.

हवा तेवढीच गरम होती.